सभेतून शाळेत : वक्तृत्वशास्त्राचा प्रवास

‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावर शाळेत कधीच निबंध लिहिला नाही, असा मराठी विद्यार्थी विरळाच. या निबंधाचा साचाही ठरलेला असतो. एक परिच्छेद विजेचे दिवे, आगगाडी आणि लसी यांचा. एक परिच्छेद अणुबॉम्ब आणि प्रदूषणाचा. आणि शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, सारे काही ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असा निर्वाळा. निबंध संपतो, गुण मिळतात, आणि कोणाचेही मत तसूभरही हललेले नसते. लिहिणाऱ्याचेसुद्धा नाही.

एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचा हा प्रकार आला कोठून? त्याचा माग काढत गेले, तर आपण सुमारे अडीच हजार वर्षे मागे, भूमध्य समुद्राच्या काठावरील ग्रीक नगरांत जाऊन पोचतो. तिथे हा वहीत लिहिण्याचा प्रकार नव्हता. तो भर सभेत बोलण्याचा प्रकार होता, आणि त्यावर कधीकधी हजारो माणसांचे प्राण अवलंबून असत. या विद्येला आपण वक्तृत्वशास्त्र म्हणू. मराठीत ‘वक्तृत्व’ म्हटले की स्पर्धा, टाळ्या आणि फिरती ढाल डोळ्यांसमोर येते. मूळ विद्येचा आवाका मात्र मोठा होता. ज्या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढता येत नाही, पण ज्यावर आज संध्याकाळपर्यंत निर्णय घेणे भाग आहे, अशा प्रश्नावर लोकांनी मिळून विचार कसा करावा, याची ती विद्या होती.

जमिनीचे खटले आणि पाण्याचे घड्याळ

ग्रीकांच्या परंपरेनुसार या विद्येचा जन्म सिसिली बेटावरील सिराक्यूज या नगरात झाला. इ. स. पू. ४६६ च्या सुमारास तिथली हुकूमशाही संपली. हुकूमशहांनी ज्यांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या, ते लोक आता त्या परत मागू लागले. कागदपत्रे फारशी नव्हतीच. मग पंचांसमोर उभे राहून आपले म्हणणे पटवून देणे, एवढाच मार्ग उरला. कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी त्यासाठी लोकांना शिकवायला सुरुवात केली, असे सांगतात. हे दोघे नेमके कोण होते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या नावावर असलेला युक्तिवादाचा एक नमुना मात्र ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे. एका किरकोळ माणसावर मारहाणीचा आरोप झाला, तर त्याने म्हणावे, ‘माझ्यासारखा दुबळा माणूस मारामारी करणे संभवत नाही.’ आणि आरोपी धट्टाकट्टा असेल, तर त्याने म्हणावे, ‘संशय पहिल्यांदा माझ्यावरच येणार हे मला ठाऊक होते, मग मी ते करणे संभवत नाही.’ संभाव्यतेवर आधारलेल्या युक्तिवादाची ही बाल्यावस्था. त्यातील लबाडी उघड आहे. पण ‘पुरावा पूर्ण नसताना काय अधिक संभवते?’ हा प्रश्न त्यात पहिल्यांदा नीट विचारलेला दिसतो.

अथेन्समध्ये ही गरज रोजची होती. तिथे वकील नव्हते. वादी आणि प्रतिवादी यांना स्वतःच बोलावे लागे, आणि समोर चिठ्ठ्यांनी निवडलेले २०१, ४०१ किंवा ५०१ सामान्य नागरिक न्यायदानाला बसलेले असत. दोन्ही पक्षांना सारखाच वेळ मिळावा म्हणून पाण्याचे घड्याळ वापरीत. आपल्याकडचे घटिकापात्र पाण्यात बुडते; अथेन्सचे घड्याळ म्हणजे तळाशी छिद्र असलेला मातीचा हंडा असे, आणि त्यातून पाणी निथळून संपले की बोलणे थांबवावे लागे. अथेन्सच्या बाजारचौकातील उत्खननात असा एक हंडा सापडला आहे. त्यात सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि ते संपायला साधारण सहा मिनिटे लागतात. वादाचे पहिले तत्त्व या मातीच्या भांड्यात साठलेले आहे: माझ्या म्हणण्याला जेवढे पाणी, तेवढेच विरुद्ध पक्षालाही.

राज्यकारभाराचे निर्णय प्निक्स नावाच्या टेकडीवर भरणाऱ्या नागरिकांच्या सभेत होत. काही ठरावांसाठी किमान ६,००० नागरिकांची उपस्थिती लागे. दवंडीवाला ‘कोणाला बोलायचे आहे?’ असे विचारी, आणि कोणीही नागरिक उठून बोलू शके. अर्थात ‘नागरिक’ या शब्दात स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक मोडत नसत. लिसियस हा त्या काळचा उत्तम भाषणलेखक बाहेरच्या घराण्यातला होता. दुसऱ्यांना भाषणे लिहून देणाऱ्या या माणसाला सभेत मत देण्याचा हक्क नव्हता. अथेन्सच्या लोकशाहीची ही मर्यादा विसरून चालणार नाही.

मितिलीनीचा निकाल

या सभेत शब्दांचे वजन किती होते, हे एका घटनेवरून कळते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील दीर्घ युद्ध सुरू होते. इ. स. पू. ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरील मितिलीनी या मित्रनगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी शरणागती पत्करली. संतापलेल्या अथेन्सच्या सभेने ठराव केला की, मितिलीनीतील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन एक युद्धनौका लगेच रवाना झाली.

रात्र उलटली आणि लोकांना पश्चात्ताप वाटू लागला. बंड काही जणांनी केले, शिक्षा सगळ्या नगराला, हे बरोबर आहे का? दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. इतिहासकार थ्युसिडिडीझने या सभेतील दोन भाषणे आपल्या ग्रंथात दिली आहेत. ती शब्दशः टिपलेली नाहीत; वक्त्याच्या म्हणण्याचा रोख शक्यतो राखून, प्रसंगाला उचित वाटले ते आपण लिहिले आहे, असे त्याने स्वतःच ग्रंथाच्या आरंभी स्पष्ट केले आहे.

पहिले भाषण क्लीऑनचे. आदल्या दिवशीचा ठराव त्याचाच होता. एकदा केलेला निर्णय फिरवणे हा दुबळेपणा आहे, दया ही साम्राज्याला परवडणारी गोष्ट नव्हे, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की, या कसलेल्या वक्त्याने वक्तृत्वावरच हल्ला चढवला. तुम्ही लोक भाषणे ऐकायला तमाशाच्या प्रेक्षकांसारखे येता, नव्या युक्तिवादाला भुलता, असा त्याचा आरोप होता. चर्चाच नको असे म्हणणारा माणूस अनेकदा चर्चेतला पटाईत खेळाडू असतो.

दुसरे भाषण डायोडोटस नावाच्या नागरिकाचे. इतिहासात या माणसाचे नाव या एका भाषणापुरतेच येते. त्याने दयेची याचना केली नाही. ‘मितिलीनीचे लोक दोषी आहेत की नाहीत हा आजचा प्रश्नच नव्हे, अथेन्सचे हित कशात आहे हा प्रश्न आहे,’ अशी त्याने प्रश्नाची मांडणीच बदलली. पुढचा युक्तिवाद पायरीपायरीने येतो. मृत्युदंडाच्या भीतीने माणसे गुन्हा करायचे थांबली असती, तर गुन्हे केव्हाच संपले असते. आज शरण आलेल्यांना मारले, तर उद्या बंड करणारे नगर कधीच शरण येणार नाही. ते शेवटपर्यंत लढेल, वेढ्याचा खर्च वाढेल आणि हाती येईल ते उद्ध्वस्त गाव, ज्याच्याकडून खंडणीही मिळणार नाही. शिवाय इतर नगरांतील सामान्य जनता अथेन्सच्या बाजूची आहे. इथल्या सामान्यांना मारले, तर ती जनता विरोधात जाईल.

हात वर करून मतदान झाले. मते जवळजवळ सारखी पडली, पण डायोडोटसचा पक्ष जिंकला. दुसरी नौका सोडण्यात आली. पहिली नौका साधारण एक दिवस आणि एक रात्र पुढे होती. मितिलीनीच्या वकिलांनी वल्हवणाऱ्यांसाठी सातूचे पीठ आणि मद्य पुरवले. मद्य-तेलात कालवलेले पीठ वल्हवता वल्हवताच खात, आळीपाळीने झोपत त्यांनी नौका हाकली. पहिल्या नौकेवरील लोकांना त्या घातकी कामाची घाई नव्हती. तिथला अथेन्सचा सेनापती हुकूम वाचून अंमलबजावणीच्या तयारीत असतानाच दुसरी नौका बंदरात शिरली. नगर वाचले.

ही कथा इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. बंडाचे म्होरके म्हणून पकडलेल्यांना, थ्युसिडिडीझच्या आकड्यानुसार हजाराहून थोड्या अधिक माणसांना, ठार मारण्यात आलेच; आणि पुढे इ. स. पू. ४१६ मध्ये मीलॉस बेटावरील पुरुषांची कत्तल याच अथेन्सने केली. तेव्हा वक्तृत्व आले की न्याय आपोआप येतो, असे नाही. पहिल्या दिवसाचा क्रूर ठरावही भाषणांनंतरच झाला होता. दोन दिवसांत फरक एवढाच पडला की, दुसऱ्या दिवशी राग ओसरला होता आणि ओसरलेल्या रागाला पटेल असे कारण कोणीतरी नीट मांडून दाखवले.

वैद्य आणि वक्ता

त्याच वर्षी, म्हणजे इ. स. पू. ४२७ मध्ये, सिसिलीतील लिऑन्टिनी नगराचा वकील म्हणून गॉर्जिअस अथेन्सला आला. त्याच्या भाषणांनी लोक थक्क झाले, आणि वक्तृत्व शिकायला तरुणांची रीघ लागली. या विद्येवर सर्वांत कठोर टीका केली ती प्लेटोने. ‘गॉर्जिअस’ याच नावाच्या संवादात त्याने एक प्रसंग रंगवला आहे. गॉर्जिअस अभिमानाने सांगतो की, त्याचा भाऊ वैद्य आहे. रोगी औषध घ्यायला किंवा शस्त्रक्रिया करून घ्यायला वैद्याचे ऐकत नाही, तेव्हा आपण बोलून त्याला राजी करतो. इतकेच नव्हे, तर सभेत वैद्य आणि वक्ता यांच्यात निवड करायची झाली, तर लोक वक्त्यालाच निवडतील. यावर सॉक्रेटिस बोट ठेवतो: म्हणजे अज्ञानी माणूस अज्ञानी लोकांपुढे जाणकारावर मात करणार! त्याच्या मते आरोग्यशास्त्रापुढे जशी पाककला, तसे न्यायापुढे वक्तृत्व. गोड लागते, पण हितकर असेलच असे नाही.

विज्ञानाच्या शिक्षकाला हा वाद नवा वाटणार नाही. जादूटोण्याचे औषध विकणारा रंगवून बोलतो आणि लसीबद्दल सांगणारा कोरडे आकडे वाचून दाखवतो, तेव्हा हाच प्रसंग आपल्यासमोर घडत असतो. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. वैद्याचे ज्ञान खरे असूनही रोगी औषध घेत नव्हता. ज्ञान असणे आणि ते दुसऱ्याला पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ॲरिस्टॉटलने नेमके हेच धरले. तो प्लेटोचा शिष्य, पण त्याने वक्तृत्वाला झिडकारले नाही. त्याचे शास्त्र लिहिले. त्याचे म्हणणे असे की, जे अन्यथा असूच शकत नाही, त्यावर कोणी सल्लामसलत करीत नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती, यावर सभा भरत नाही. सभा भरते ती युद्ध करावे की तह, कर बसवावा की नाही, यांसारख्या प्रश्नांवर, जिथे निर्णय वेगळाही होऊ शकतो. अशा ठिकाणी गणिती सिद्धतेचा आग्रह धरणे जितके चुकीचे, तितकेच गणितज्ञाकडून ‘बहुधा असे असावे’ एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे. पटवण्याची साधने त्याने तीन सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत असेही तो सांगतो. मात्र हेतू असा की, वस्तुस्थिती नीट दिसावी आणि दुसरा कोणी अन्याय्य युक्तिवाद करू लागला तर त्याचे खंडन करता यावे.

आपल्या परंपरेतही हा भेद केलेला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधण्यासाठी चाले तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी चाले तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. ‘वितंडवाद’ हा मराठी शब्द तिथूनच आला. आपले मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे ‘पूर्वपक्ष’ म्हणून मांडण्याची रीतही शास्त्रग्रंथांत रूढ होती. फरक असा की, या चर्चा पंडितांच्या असत. ग्रीक वक्त्यासमोर मत देणारा नागरिक बसलेला असे.

सभा गेली, शाळा उरली

इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सची लोकशाही मोडून काढली. पुढे ही विद्या रोममध्ये गेली आणि सिसेरोच्या रूपाने शिखरावर पोचली. इ. स. पू. ४३ मध्ये सिसेरोची हत्या झाली, आणि त्याचे शिर व हात ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे तिथेच टांगण्यात आले. सम्राटांच्या राजवटीत राज्याचे मोठे निर्णय सभेत होईनासे झाले. वक्तृत्वाच्या शाळा मात्र ओस पडल्या नाहीत. उलट भरभराटीला आल्या. क्विंटिलियन या शिक्षकाला तर सम्राट व्हेस्पेसियनने सरकारी तिजोरीतून पगार दिला. पण आता विद्यार्थी बोलत कशावर? अलेक्झांडरने महासागरात नौका घालावी का? ॲगॅमेम्नॉनने आपल्या मुलीचा बळी द्यावा का? चाचे, हुकूमशहा आणि विचित्र मृत्युपत्रे यांचे काल्पनिक खटले. बोलून झाले की टाळ्या, आणि घरी. टॅसिटस या इतिहासकाराने या विषयावर एक संवादच लिहिला आहे. प्रजासत्ताकाच्या काळातील वक्तृत्व आता का दिसत नाही, याचा शोध घेताना त्यातील पात्रे शाळांतील या पोकळ विषयांवर आणि बदललेल्या राजवटीवर बोट ठेवतात.

तरीही या शाळांनी एक मोलाची गोष्ट जपली. ती म्हणजे पायरीपायरीने लिहायला शिकवण्याची पद्धत. चौथ्या शतकात अँटिऑकच्या ॲफ्थोनियसने चौदा पूर्वाभ्यासांचे एक छोटे पुस्तक केले. सुरुवात इसापच्या धर्तीवरील बोधकथेने. मग साधे कथन. मग एखाद्या थोराच्या उक्तीचा किंवा सुविचाराचा विस्तार. पुढे एखादी कथा असंभवनीय आहे असे दाखवणे, आणि मग तीच कथा संभवनीय आहे असे दाखवणे. त्यानंतर स्तुती, निंदा, तुलना, एखाद्या व्यक्तीच्या तोंडी शोभेल असे भाषण, वर्णन, सर्वसामान्य प्रश्नावरील चर्चा, आणि सर्वांत शेवटी प्रस्तावित कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध भाषण. स्तुतीचा नमुना म्हणून ॲफ्थोनियसने थ्युसिडिडीझचीच निवड केली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील लॅटिन शाळांत हे पुस्तक सर्रास वापरले जाई.

या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील कथालेखन, कल्पनाविस्तार, आत्मवृत्त, प्रसंगवर्णन हे सारे त्यात आहे. फक्त दोन पायऱ्या आपल्याकडून गळाल्या आहेत. आपल्याला पटलेल्या गोष्टीचे खंडन करून पाहणे ही एक, आणि शेवटी कायद्यावर, म्हणजे प्रत्यक्ष निर्णयावर, येऊन थांबणे ही दुसरी.

शास्त्रज्ञांची नाराजी

आधुनिक विज्ञानाचा आणि वक्तृत्वाचा संबंध सुरुवातीला वैराचाच होता. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली. कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही, अशा अर्थाचे तिचे ब्रीद. १६६७ साली थॉमस स्प्रॅटने तिचा इतिहास लिहिताना अलंकारिक भाषेवर कडाडून टीका केली आणि साध्या, नेमक्या शब्दांचा आग्रह धरला. हा आग्रह योग्यच होता. पण पटवण्याची गरज त्याने संपली नाही. गॅलिलिओने १६३२ साली सूर्यकेंद्री आणि पृथ्वीकेंद्री मतांची चर्चा तीन पात्रांच्या चार दिवसांच्या संवादातून मांडली. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात सिद्धान्ताविरुद्धच्या अडचणींना स्वतंत्र प्रकरण दिले. विरोधकांनी विचारण्याआधीच त्याने डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीने कसा घडेल, हा प्रश्न स्वतः उपस्थित केला. खंडनाची जुनी पायरी इथे विज्ञानाच्या कामी आलेली दिसते.

मराठीत आधुनिक निबंध इंग्रजी शिक्षणाबरोबर रुजला, पण त्याचे पहिले तेज वर्गाबाहेरचे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे शिक्षक होते. त्यांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ साली त्याच मंडळींनी ‘केसरी’ काढला. १८८८ साली आगरकरांचा ‘सुधारक’ आला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळक आणि आगरकर यांनी परस्परविरुद्ध बाजू लढवल्या. दोघेही शिक्षक राहिलेले. त्या लेखनामागे एक कायदा होता, आणि त्या कायद्यामागे बारा वर्षांच्या आतील मुलींची आयुष्ये होती. पुढे परीक्षेत निबंध हा ठरावीक गुणांचा प्रश्न झाला, आणि रोमच्या शाळांत जे घडले तेच थोड्याफार फरकाने आपल्याकडे घडले.

वर्गात काय करता येईल?

आपली स्थिती रोमपेक्षा बरी आहे, कारण आपल्याकडे सभा शिल्लक आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. तिथे बसण्याचा हक्क वयात आलेल्या प्रत्येक मतदाराला आहे. अथेन्सने ज्यांना बाहेर ठेवले त्या स्त्रियांनाही. दहावीतला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत तिथे जाऊन बसणार आहे.

म्हणून निबंधाचा विषय निवडताना एक कसोटी लावावी: हा निर्णय कोणाला तरी, कधीतरी घ्यावा लागणार आहे का? ‘पाणी हेच जीवन’ या विषयावर निर्णय घेण्यासारखे काही नाही. ‘आपल्या गावच्या पाझर तलावातील पाणी मार्चनंतर फक्त पिण्यासाठी राखून ठेवावे का?’ यात आहे. इथे भाषेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना एकत्र काम करता येईल. तलावात किती पाणी उरते, बाष्पीभवनाने किती जाते, माणशी आणि जनावरामागे रोज किती लागते, हे विद्यार्थ्यांनी मोजावे. मग ज्याचा ऊस उभा आहे त्या शेतकऱ्याची बाजू एका गटाने मांडावी, आणि जिला हंडा घेऊन लांब जावे लागते तिची दुसऱ्याने. दोघांना वेळ सारखा. त्यानंतर गटांनी बाजू बदलाव्यात. आपली बाजू विरुद्ध गटाने मांडलेली ऐकून ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे मूळ गटाने कबूल केले, तरच ती मांडणी पुरी झाली असे समजावे. मग प्रत्येकाने वहीत आपला स्वतःचा निर्णय लिहावा, त्याची कारणे लिहावीत, आणि कोणती नवी माहिती मिळाली तर आपण हा निर्णय बदलू, तेही लिहावे.

असे निबंध तपासायला वेळ जास्त लागतो, कारण प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो. काही विद्यार्थ्यांचे निर्णय आपल्याला पटणारही नाहीत. तिथे गुण कापण्याआधी त्यांची कारणे एकदा वाचून पाहावीत.